निवृत्तीसाठी पैसा उरतो कसा

पगारदार घरात निवृत्तीच्या बचतीचा निर्णय एका बैठकीत सहसा होत नाही. घर, शिक्षण, लग्न आणि आयकर यांचे निर्णय झाल्यावर मागे राहील ती बचत. फेब्रुवारीत ऑफिस गुंतवणुकीचे पुरावे मागते, तेव्हा ‘८०सी’ची दीड लाखाची मर्यादा गाठायला किती कमी पडते, याची बेरीज कुठल्यातरी पाकिटाच्या पाठीवर होते. पीएफ, गृहकर्जाचे मुद्दल, मुलांची शाळेची फी धरून जो आकडा उरतो, तो पीपीएफमध्ये जातो किंवा नात्यातल्याच एजंटाच्या पॉलिसीत. म्हातारपणी महिन्याला किती लागेल, हा प्रश्न त्या पाकिटावर नसतोच. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. मार्चची धावपळ टळली, पण तिच्या निमित्ताने होणारी बचतही गेली.

न विचारता साठतो तो पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कर्मचाऱ्याचे, तेवढेच मालकाचे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण २०१४ पासून ते १५,००० रुपयांच्या पगारावरच मोजले गेले, म्हणजे महिना जेमतेम १,२५० रुपये. ही मर्यादा धरली तर तीस वर्षांच्या नोकरीनंतरही पेन्शन सात हजारांच्या घरात राहते. खरा आधार पीएफच्या शिलकीचा, आणि गळती नेमकी तिथेच. बत्तिसाव्या वर्षी नोकरी बदलताना दोन लाख काढून नव्या फ्लॅटचे फर्निचर केले जाते. ८ टक्के व्याजाने तेच अठ्ठावन्नाव्या वर्षी पावणेपंधरा लाख झाले असते. काढताना मात्र ते ‘आपलेच पडून असलेले पैसे’ वाटतात.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांचीही जुनी, ठरावीक पेन्शन बंद झाली आणि तिच्या जागी बाजाराशी जोडलेली योजना आली. २०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले, त्यामागे हेच होते: बाजाराची जोखीम सरकारकडून घरावर आली होती.

निवृत्तीला रक्कम एकदम हातात येते, आणि मुलाच्या घराचे डाऊन पेमेंटही बहुधा त्याच सुमारास निघते. उरलेले पैसे बँकेच्या ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातात. या योजनेची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली. तिचे व्याज तिमाहीला हाती येते आणि पाच वर्षे तेवढेच राहते. महागाई ६ टक्के धरली, तर आज ४०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला वीस वर्षांनी १,२८,००० लागतील. शिवाय हिशेब बहुधा नवऱ्याच्या आयुष्याचा मांडला जातो. बायको वयाने लहान असते आणि तिची वर्षे त्यात धरलेली नसतात.