अडकित्त्याचें चित्र

माजिवड्याचें आमचें जुनें घर पाडून तेथें इमारत व्हावयाची, म्हणून गेल्या महिन्यांत माळा आवरीत असतां एक पितळी अडकित्ता निघाला. मोडीच्या पोत्यांत तो जाणारच होता, इतक्यांत आमची बारा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, दोन दिवस मला द्या ना." तिसऱ्या दिवशीं तिनें त्याचें जलरंगांतील चित्र आमच्यापुढें ठेविलें.

जुन्या शास्त्रकारांनीं चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं प्रमाण व सादृश्य हीं दोन येथें चांगलीं साधलीं आहेत. पितळेवरची चकाकी रंगानें काढलेली नाहीं; तेवढी जागा कोरी सोडून कागदाच्या पांढरेपणाकडूनच उजेडाचें काम करून घेतलें आहे. पोलादी पात्यास निळसर करडी छटा आहे. वरच्या दांडीवरील कोरीव वेल मात्र मध्येंच पुसट होते. ती कां, असें आम्हीं विचारतां ती म्हणाली, "तेथें ती झिजलीच आहे!" आमची आजी जेवणें आटोपल्यावर सुपारी कातरावयास बसे, तिचा अंगठा नेमका तेथें टेकत असे. जें आमच्या साठ वर्षांत ध्यानीं आलें नाहीं, तें त्या मुलीनें दोन दिवसांत पाहिलें.

अशा झिजलेल्या वस्तूंचें मोल पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवि अज्ञातवासी (१८९६–१९९०), ह्यांनीं ओळखिलें. दिवे, अडकित्ते, भांडीं त्यांनीं हिंडून जमविलीं, संग्रहालयास दिवंगत पुत्र राजा ह्याचें नांव दिलें, आणि १९७५ सालीं तें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. अमेरिकेंत तर १९३५ ते १९४२ ह्या मंदीच्या व युद्धाच्या काळांत सरकारनें गरजू चित्रकारांस जुन्या घरगुती वस्तूंचीं हुबेहूब चित्रें काढण्याचें काम दिलें; तीं सुमारें १८,००० जलरंगचित्रें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहांत जपलेलीं आहेत.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आजीचें तांब्याचें घंगाळ आम्हीं स्वतःच मोडींत दिलें. त्याच्या कडीपाशीं कमळ होतें कीं मासा, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं. घरांत सर्वांस विचारून पाहिलें. कोणासच आठवत नाहीं.

अडकित्ता आतां आमच्याबरोबर नव्या घरीं येणार आहे. वाचकांस विनंती एवढीच कीं, जुनी वस्तु तराजूंत टाकण्यापूर्वीं ती एकदां घरांतील मुलांच्या हातीं देऊन तिचें चित्र काढवून घ्यावें. मग पुष्कळदां ती तराजूंत जातच नाहीं.