आभासी यंत्रांतील फर्मवेअरभेद आणि लिनक्स कर्नेल : हायपर-व्हीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
संगणक सुरू होताना प्रथम फर्मवेअर कार्यान्वित होते आणि त्यानंतर नियंत्रण कर्नेलकडे येते. आभासी यंत्रात हे फर्मवेअरही सॉफ्टवेअरच्याच स्वरूपात असते. त्यामुळे बायोस की यूईएफआय, ही निवड यंत्र तयार करणारा करतो. तिचे परिणाम मात्र कर्नेल लिहिणाऱ्यास हाताळावे लागतात. ही हाताळणी कशी होते, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केले आहे.

दोन पद्धतींतील भेद :
बायोस हे डिस्कवरील पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत आणते व प्रोसेसर १६ बिट अवस्थेत असतानाच नियंत्रण त्याच्याकडे सोपविते. एसीपीआय तक्त्यांचा मूळ पत्ता ठरावीक मेमरीक्षेत्रात शोधावा लागतो. यूईएफआय मात्र फॅट फाइल सिस्टीममधील प्रोग्राम चालविते आणि हा पत्ता सिस्टीम टेबलमार्फत पुरविते. हे भेद सुरुवातीच्या टप्प्यातच मिटविले, तर उर्वरित कर्नेलला त्यांची जाणीव ठेवावी लागत नाही. परंतु काही भेद पुढेही उरतात.

हायपर-व्हीचे उदाहरण :
मायक्रोसॉफ्टने २०१३ साली विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू सोबत 'जनरेशन २' आभासी यंत्रे आणली. 'जनरेशन १' बायोसवर, तर 'जनरेशन २' यूईएफआयवर सुरू होते. दुसऱ्या प्रकारात आयडीई कंट्रोलरसारखी जुनी अनुकृत उपकरणे वगळण्यात आली.

नॉन-मास्केबल इंटरप्ट आल्यावर त्याचे कारण जाणण्यासाठी कर्नेल षोडशमान ६१ क्रमांकाचे पोर्ट वाचतो. 'जनरेशन २' मध्ये ही सोय नाही. तेथे वाचन केल्यास आठही बिट १ मिळतात. कर्नेल त्याचा अर्थ पीसीआय बसमधील गंभीर दोष असा लावीत असे. वस्तुतः त्या यंत्रात अनुकृत पीसीआय बसच नव्हती! बंद पडलेल्या यंत्राचे निदान करण्यासाठी प्रशासक असा इंटरप्ट मुद्दाम पाठवितो. नेमक्या त्याच वेळी अस्तित्वात नसलेल्या दोषाची नोंद झाल्यास तपास चुकीच्या दिशेने जातो.

उपाय व त्याची मर्यादा :
इंटरप्टचे कारण वाचणारे फंक्शन लिनक्समध्ये पॉइंटरमार्फत बोलाविले जाते. हायपर-व्हीवर यूईएफआयने सुरुवात झाली असल्यास त्या जागी पोर्ट न वाचणारे फंक्शन बसविले गेले. सामान्य कोडला हात लावावा लागला नाही.

येथे एक बाब लक्षणीय आहे. यूईएफआय असणे म्हणजे जुनी उपकरणे नसणे, असे समीकरण मांडता येत नाही. यूईएफआय असलेल्या प्रत्यक्ष संगणकात ते पोर्ट असू शकते. म्हणून प्रोसेसरच्या सीपीयूआयडी सूचनेतून हायपरव्हायझरची ओळख आणि फर्मवेअरचा प्रकार, या दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्यावरच अनुमान वैध ठरते.

निष्कर्ष :
फर्मवेअरचा प्रकार हा यंत्ररचनेचा केवळ अप्रत्यक्ष पुरावा आहे. शक्य तेथे उपकरणाचे अस्तित्व थेट तपासावे. अनुमान अपरिहार्य असल्यास ते एकाच ठिकाणी, स्पष्ट अटींसह मांडावे. ऑपरेटिंग सिस्टीम शिकविताना क्यूएमूमध्ये एकच कर्नेल सीबायोस आणि ओव्हीएमएफ या दोन फर्मवेअरवर सुरू करून प्रारंभीच्या नोंदींची तुलना करविल्यास हा भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.