मोटारसायकलचे गिअरबॉक्स तेल

मोटारसायकलचे गिअरबॉक्स तेल म्हणजे इंजिनाची शक्ती मागील चाकाकडे नेणाऱ्या दातेरी चाकांना व बेअरिंगना वंगण पुरविणारे तेल होय. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांत एकच तेल फिरते. त्यामुळे तेलाची निवड तिन्हींच्या गरजा पाहून करावी लागते.

रचनेनुसार भेद

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जाणारे तेल जळून जाते. म्हणून यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल स्वतंत्र असते. जुन्या रॉयल एन्फील्ड बुलेटचा गिअरबॉक्सही इंजिनापासून वेगळा होता.

क्लच आणि जासो मानक

सामायिक तेलाच्या गाडीतील क्लच तेलात बुडालेला, म्हणजे ‘ओला’ असतो. मोटारींच्या अनेक इंजिन तेलांत इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी रसायने मिसळलेली असतात. अशा तेलाने ओला क्लच घसरू शकतो; इंजिनाची गती वाढते, पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही. हा धोका टाळण्यासाठी जपानच्या जासो टी ९०३ मानकात तेलांचे घर्षणानुसार वर्गीकरण केले आहे. ‘एमए’, ‘एमए १’ व ‘एमए २’ हे वर्ग ओल्या क्लचसाठी आहेत. त्यांपैकी ‘एमए २’ मध्ये घर्षण अधिक राहते. ‘एमबी’ वर्गाचे तेल कमी घर्षणाचे असून ते क्लच तेलाबाहेर असलेल्या स्वयंचलित स्कूटरच्या इंजिनांना चालते.

श्यानता

‘१०डब्ल्यू-३०’ या श्रेणीतील पहिला अंक थंडीतील प्रवाहीपणा, तर दुसरा १०० अंश सेल्सियसला उरणारी श्यानता (दाटपणा) दर्शवितो. गिअर तेलांची मोजपट्टी वेगळी असते. ‘एसएई ९०’ गिअर तेलाची श्यानता इंजिन तेलाच्या ‘एसएई ४०’ ते ‘एसएई ५०’ श्रेणींच्या आसपास असते. केवळ अंकांची तुलना दिशाभूल करते.

हवामान आणि रस्ते

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग मानले जातात. बुलढाणा–मलकापूर मार्गावर राजूर घाट, तर बुलढाणा–खामगाव मार्गावर बोथा घाट लागतो. घाटाखाली उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. उष्ण दिवशी सामान लादून चढ चढताना कमी गिअर, मंद वेग आणि वाढलेला भार यांमुळे हवेने थंड होणारे इंजिन अधिक तापते व तेल पातळ होते. येथील हिवाळा सौम्य असल्याने ‘२०डब्ल्यू’ तेलही थंड इंजिनात पुरेसे वाहते. तरीही ‘१०डब्ल्यू-३०’ साठी बनविलेल्या इंजिनात केवळ उन्हाळा आहे म्हणून दाट तेल घालणे योग्य ठरत नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत तापमानानुसार दिलेल्या श्रेणींतूनच निवड करावी लागते.

तेल बदलणे

गिअरच्या दातांमध्ये चिरडले जाऊन तेलातील श्यानता टिकविणारे बहुवारिक रेणू तुटतात. म्हणून सामायिक तेल पातळी पूर्ण असतानाही ठरलेल्या अंतरानंतर बदलावे लागते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचे ते लक्षण असते.