बेस गिटार : गायकवृंदाच्या स्वराचा न दिसणारा पाया

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांमध्ये कीबोर्ड, गिटार आणि ढोलकी यांच्या जोडीला आता अनेक ठिकाणी बेस गिटारही दिसते. युवक मेळाव्यांत आणि लग्नसमारंभांतील वाद्यवृंदांत तर ती असतेच. तरीही चार जाड तारांचे हे वाद्य नेमके काय करते, हे पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते. ते नीट वाजले तर कुणाच्या लक्षात येत नाही. वाईट वाजले, तर मात्र छातीत धडधड होते, गीताचे शब्द कळेनासे होतात आणि मागच्या बाकांवरील वडीलधारी मंडळी गाणे थांबवून मुकाट बसतात.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. गायकवृंदासाठी वाद्ये घेतली जातात ती भाविकांच्या दानातून. ती वाजवणारी बहुधा आपलीच तरुण मुले असतात. चुकीच्या साहित्यावर पैसा गेला, तर आवाज मोठा होतो पण गोड होत नाही. मग तक्रारी येतात आणि हिरमुसलेला वादक हळूहळू गायकवृंदापासून दूर जातो. म्हणून या वाद्याचे कार्य, त्याचा चांगला नाद कशातून निर्माण होतो आणि साहित्य निवडताना कोणता क्रम ठेवावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. चांगला नाद मोठ्या यंत्रातून येत नाही. तो वादकाच्या हातातून, तारांतून आणि संयमातून येतो, हे आम्हांला प्रामुख्याने सांगायचे आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

संत पोप दहावे पायस यांनी संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पवित्र संगीताविषयी जे आदेशपत्र काढले, त्यात पियानो आणि ढोलासारख्या गोंगाट करणाऱ्या वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, इतर वाद्यांनाही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करून देण्यात आली. मात्र ते वाद्य पवित्र कार्याला योग्य असावे किंवा तसे करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि त्याने भाविकांची आध्यात्मिक उन्नती व्हावी, अशा अटी आहेत. ५ मार्च १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात आणखी स्पष्टता आली. वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा, परंतु शब्द कळू नयेत इतके गायनावर मात करू नये. आणि धर्मगुरू आपल्या अधिकाराने प्रार्थना मोठ्याने म्हणत असताना वाद्यांनी मौन पाळावे, असे त्यात सांगितले आहे.

म्हणजे वाद्य आधुनिक की पारंपरिक, एवढ्यावर निर्णय होत नाही. ते गाणाऱ्या लोकसमुदायाला आधार देते की त्याला गप्प करते, ही खरी कसोटी आहे. बेस गिटारला ती तंतोतंत लागू पडते.

हे वाद्य कशासाठी?

भारतीय संगीतात तंबोऱ्याची खर्जाची तार गायकाला जो आधार देते, त्याच जातीचे कार्य पाश्चात्त्य संगीतात खर्जातील वाद्ये करतात. पाइप ऑर्गनमध्ये ते पायांनी वाजवायच्या पट्ट्यांकडे असते. वाद्यवृंदात ते डबल बेस या उंच, उभ्याने वाजवायच्या तंतुवाद्याकडे असते. पोर्तुगीज भाषेत या वाद्याला रबेकाव म्हणतात आणि गोव्याच्या चर्चसंगीतात व्हायोलिनच्या साथीला ते परिचित आहे.

डबल बेस वाहून न्यायला अवघड आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकू यायला कठीण. विजेवर चालणारे खर्जाचे वाद्य बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९३० च्या दशकातच झाले होते. परंतु ते सर्वत्र पसरले ते कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणल्यानंतर. त्याच्या मानेवर धातूचे पडदे असल्यामुळे बोट योग्य घरात पडले की स्वर अचूक लागे. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता, हे नाव त्यावरूनच पडले.

या वाद्याच्या चार तारा डबल बेसप्रमाणेच ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तुलनेसाठी सांगायचे, तर पाइप ऑर्गनमधील सोळा फुटी नळ्यांचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ३३ कंपनांचा असतो. ऑर्गनच्या पायपट्ट्या जेथे वावरतात, त्याच्याच शेजारी बेस गिटार वावरते. ती खालून स्वराची जमीन तयार करते आणि तालाला वजन देते. गाणाऱ्याला पुढचा स्वर कोठे आहे, हे तिच्यामुळे नकळत कळते.

नाद कोठून येतो?

पहिला उगम बोटांत आहे. तार मानेजवळ छेडली तर स्वर गोल आणि मऊ येतो. ब्रिजजवळ छेडली तर तो घट्ट आणि स्पष्ट येतो. डाव्या हाताचे बोट पडद्याच्या अगदी मागे ठेवले, तर तार खरखरत नाही. स्वर सुरू करण्याइतकेच तो वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे आहे. ज्या तारा वाजत नाहीत त्या हाताने दाबून ठेवल्या नाहीत, तर त्या आपोआप घुमतात आणि सारा नाद गढूळ होतो.

दुसरा उगम तारांत आहे. गोल तारेचे वेटोळे असलेल्या तारांचा आवाज चमकदार असतो, पण बोट सरकताना त्या करकरतात. चपट्या पट्टीचे वेटोळे असलेल्या तारा गुळगुळीत असतात आणि त्यांचा आवाज डबल बेसच्या जवळ जातो. त्या महाग असल्या तरी वर्षानुवर्षे टिकतात. उपासनेतील शांत गीतांसाठी आम्ही चपट्या तारांची शिफारस करू.

येथे जेम्स जेमरसन यांचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील मोटाउन या संगीतसंस्थेच्या १९६० च्या दशकातील असंख्य गाण्यांत त्यांची बेस गिटार आहे. त्यांचे प्रमुख वाद्य होते १९६२ चा साधा प्रिसिजन बेस. त्यावर जाड, चपट्या तारा होत्या आणि त्या ते सहसा बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी ते वापरत. स्टुडिओत वाद्याची वायर बहुधा थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडलेली असे. जगभरचे वादक आजही त्या नादाचा अभ्यास करतात. परंतु तो काळ असा होता की रेकॉर्डवर वादकांची नावे छापत नसत. जेमरसन यांचे नाव मोटाउनच्या एका प्रमुख अल्बमवर आले ते १९७१ साली.

साहित्य निवडताना

धर्मग्रामाने पैसा खर्च करताना पुढील क्रम ठेवावा, असे आम्ही सुचवतो.

प्रथम, हाती असलेले वाद्य जाणकार कारागिराकडून नीट लावून घ्यावे. मानेच्या आतील पोलादी सळी, तारांची उंची आणि ब्रिजवरील स्वरजुळणी व्यवस्थित केली, तर स्वस्त वाद्यही सुरेल वाजते. ही जुळणी बिघडलेली असेल, तर महागडे वाद्यही वरच्या घरांत बेसूर वाजते. त्यानंतर चांगल्या तारा आणि भक्कम वायर घ्यावी.

नवे वाद्य घ्यायचे असेल, तर चार तारांचे साधे वाद्य पुरेसे आहे. काही वाद्यांच्या आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र असते. अशा वाद्यात वायर लावून ठेवली की बॅटरी खर्च होत राहते आणि ऐन अर्पणगीताच्या वेळी आवाज फाटू लागतो. बॅटरीविना चालणाऱ्या वाद्यात ही काळजी उरत नाही.

त्यानंतर 'डी. आय. बॉक्स' हे छोटे उपकरण घ्यावे. गिटारचा विद्युतसंदेश नाजूक असतो. लांब वायरमधून जाताना तो क्षीण होतो आणि त्यात गुरगुर शिरते. हे उपकरण त्या संदेशाला मिक्सरपर्यंतच्या लांब प्रवासासाठी योग्य रूप देते. मोठ्या चर्चमध्ये बेसचा आवाज मुख्य स्पीकरमधून नेणेच इष्ट असते.

अँप्लिफायरचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. तो बेससाठीच बनवलेला असावा. साध्या गिटारच्या छोट्या अँप्लिफायरवर बेस मोठ्याने वाजवल्यास स्पीकरचा पडदा फाटू शकतो. वॉटच्या आकड्यांना मात्र भुलू नये. १०० ऐवजी २०० वॉट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. गायकवृंदाला त्याची गरज नाही.

मंदिरातील नाद

उंच छत, जाड भिंती आणि फरसबंदी असलेल्या चर्चमध्ये खर्जाचा स्वर बराच काळ रेंगाळतो. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. ती बाकांनी किंवा पडद्यांनी अडत नाही. म्हणून चर्चमध्ये कमी स्वर वाजवावेत आणि ते स्पष्ट वाजवावेत. अँप्लिफायर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो. तो कोपऱ्यातून बाहेर काढून स्टुलावर ठेवावा आणि वादकाच्या कानाच्या दिशेने किंचित कलता करावा.

बेस ऐकू येत नाही असे वाटले की हात आपसूक 'बेस'च्या कळीकडे जातो. त्यामुळे बहुधा घुमणे वाढते, स्वर मात्र उलगडत नाही. आपला कान खर्जाचा स्वर ओळखतो तो बराचसा त्याच्या वरच्या उपस्वरांवरून. म्हणून खर्जाची कळ थोडी कमी करून 'मिड'ची कळ किंचित वाढवावी. आवाज न वाढवताही स्वर स्पष्ट होतो.

दुसरी सूचना कीबोर्डवादकांसाठी आहे. बेस गिटार वाजत असताना कीबोर्डवर डाव्या हातानेही खालचे स्वर वाजवले, तर दोन्हींचा चिखल होतो. ती जागा बेसला मोकळी सोडावी. उपासनेच्या काळाचेही भान हवे. आगमनकाळात वाद्यांचा वापर संयमित असावा. प्रायश्चित्तकाळात चौथा रविवार, महासण आणि सण वगळता वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे.

दोन धोके

पहिला धोका विजेचा. भारतात विजेचा प्रवाह ५० कंपनांचा असतो आणि बेसवरील खालचा जी हा स्वर ४९ कंपनांचा. त्यामुळे विजेची गुरगुर नेमकी बेसच्या स्वरांत मिसळते. ती घालवण्यासाठी काहीजण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. असे कदापि करू नये. बहुतेक वाद्यांत तारा अर्थिंगशी जोडलेल्या असतात. यंत्रात दोष निर्माण झाल्यास तारेला हात आणि माइकला ओठ लागताच जिवावर बेतणारा धक्का बसू शकतो. मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावरून चालवावेत, अर्थिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. किनारपट्टीवरील खारी हवा आणि पावसाळा तारांना गंज आणतात आणि मान वाकवतात; वादनानंतर तारा पुसून वाद्य बंद पेटीत ठेवावे.

दुसरा धोका कानांचा. कामाच्या ठिकाणांसाठी प्रचलित असलेल्या एका मापदंडानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. शनिवारी रात्री लग्नाच्या वाद्यवृंदात वाजवून रविवारी सकाळी मिस्सेला येणाऱ्या तरुणांनी कानांत संरक्षक बोळे वापरावेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

वाद्यवृंदात लोक नाचू लागले की बेसवादकाचे काम फत्ते झाले, असे मानतात. उपासनेत त्याचे काम फत्ते होते ते लोक गाऊ लागल्यावर. सरावाच्या वेळी गायकवृंदातील एकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसावे आणि शब्द स्पष्ट कळतात का, एवढेच ऐकावे. कळत नसतील, तर प्रथम आवाज कमी करावा. खरेदीचा विचार त्यानंतर.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या दुर्बळ वाटणाऱ्या अवयवांचीही आवश्यकता सांगितली आहे. गायकवृंदाच्या मागच्या रांगेत उभे राहून वाजवणाऱ्या आपल्या तरुणांना धर्मग्रामाने हे जरूर सांगावे. त्यांना योग्य वाद्य, योग्य शिक्षण आणि कौतुकाचे दोन शब्द मिळाले, तर त्या चार तारांच्या आधाराने शेवटच्या बाकापर्यंतचा प्रत्येक भाविक देवाची स्तुती गाईल. संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया आपल्या सर्व गायक-वादकांसाठी प्रार्थना करो.