चूक, दोष आणि बिघाड : आज्ञावलींच्या चाचणीतील संज्ञानिश्चिती

अंधेरीच्या पूर्वेस १९७३ साली स्थापन झालेल्या निर्यात-प्रक्रिया क्षेत्राच्या नावात सांताक्रूझ असले, तरी ते वसले आहे अंधेरीत. नाव आणि स्थान यांतील ही विसंगती कोणास बाधत नाही; कारण ‘सीप्झ’ म्हणजे कोणती जागा याविषयी रिक्षावाल्यापासून निर्यातदारापर्यंत सर्वांचे एकमत आहे. संज्ञेचे बळ व्युत्पत्तीपेक्षा अशा एकमतात अधिक असते. सीप्झमध्ये, तसेच पवई व मालाड येथील कचेऱ्यांत संगणकाच्या आज्ञावलींची चाचणी घेण्याचा जो व्यवसाय चालतो, त्यात मात्र असे एकमत सहजी आढळत नाही.

याचे मूळ इंग्रजी परिभाषेतच आहे. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण संज्ञाकोशात ‘एरर’ या एका शब्दाखाली चार अर्थ नोंदविलेले आहेत : गणित केलेले मूल्य व खरे मूल्य यांतील अंतर, आज्ञावलीतील सदोष पायरी, चुकीचा निष्कर्ष आणि तो उत्पन्न करणारी मानवी कृती. चारही अर्थ रूढ आहेत असे मान्य करून, ‘एरर’ हा शब्द पहिल्या अर्थापुरता राखून उरलेल्या तिघांस ‘फॉल्ट’, ‘फेल्युअर’ व ‘मिस्टेक’ म्हणावे, असा एक पर्याय तेथे सुचविला आहे. पुढे २००२ साली स्थापन झालेल्या आयएसटीक्यूबी या चाचणी-परीक्षा मंडळाने ‘एरर’ म्हणजे मानवी कृती, असा अर्थ रूढ केला. म्हणजे एका कोशाने जो अर्थ ‘मिस्टेक’कडे सोपविला, तोच दुसऱ्याने ‘एरर’ला दिला. दोन्ही कोश वाचलेले दोघेजण एकाच मेजाभोवती बसले, तर घोटाळा अटळ होय.

तीन कल्पना वेगळ्या का ठेवावयाच्या, हे इ. स. २००० च्या प्रसिद्ध प्रश्नावरून चांगले कळते. जुन्या आज्ञावलींत वर्षाचे दोनच अंक नोंदविले जात. स्मृतिसंचय महाग असण्याच्या त्या काळात तो निर्णय काटकसरीचाच होता. त्यास ‘चूक’ म्हणणे वस्तुतः कठीण आहे. तथापि आज्ञावलीत दोष होता, आणि तो कित्येक वर्षे निद्रिस्त राहिला. २००० पलीकडची तारीख समोर आली की हिशेब बिघडत असे. बिघाड तो हा. चूक माणसाच्या हातून होते, दोष आज्ञावलीत राहतो, आणि बिघाड ती चालविताना दिसतो. चाचणी घेणाऱ्यास प्रत्यक्ष दिसतो तो केवळ बिघाड. दोष त्यावरून शोधून काढावा लागतो.

मराठीस येथे एक अनपेक्षित सोय आहे. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न स्वाभाविक वाटतो; ‘बिघाड कोणाचा?’ असे मात्र कोणी विचारीत नाही, ‘बिघाड कशात?’ असेच विचारतात. ‘दोष’ हा शब्द मधला आहे. तो वस्तूत असू शकतो आणि माणसास देताही येतो. म्हणून त्याची व्याख्या करूनच तो वापरावा. चाचणीच्या अहवालात ‘येथे चूक आहे’ असे लिहिले, की आज्ञावली लिहिणारा दुखावतो आणि चर्चा हिशेबावरून माणसावर घसरते. बोलण्यातील ‘बग’ या शब्दाचे दुखणे उलट आहे : त्यात कर्ताच उरत नाही, जणू किडा आपण होऊन आत शिरला. डाइक्स्ट्रा यांनी १९८८ साली याच कारणास्तव तो शब्द टाकण्याचा आग्रह धरिला. बोलण्यापुरता तो राहण्यास हरकत नाही. अहवालात मात्र नसावा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. एकाच दोषामुळे तीन ठिकाणी बिघाड झाला, तर परीक्षक तीन नोंदी करील आणि दुरुस्ती करणारा एकच मोजील. आज्ञावली ग्राहकाच्या हाती द्यावी की न द्यावी हा निर्णय अशा आकड्यांवर होतो. दोन्ही रकान्यांवर एकच शब्द असेल, तर आकडे का जुळत नाहीत हेच कोणास उमगत नाही.

‘पुनर्चाचणी’ या शब्दाचीही हीच गत आहे. दोष खरोखर गेला की नाही हे पाहणे एक, आणि त्या दुरुस्तीमुळे पूर्वी नीट चालणारे काही मोडले का हे पाहणे निराळे. पहिलीस ‘खातरजमा-चाचणी’ म्हणता येईल. दुसरीस इंग्रजीत ‘रिग्रेशन’ म्हणतात. पण कोश उघडून संख्याशास्त्रातील ‘समाश्रयण’ हा प्रतिशब्द येथे उचलला, तर अनर्थ होईल, कारण दोन चलांच्या परस्परसंबंधाशी या चाचणीचे काहीच नाते नाही. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार निरनिराळे परिभाषा कोश सिद्ध केले, त्यामागील शहाणपण येथे दिसून येते. कमावलेली अवस्था गमावून मागे जाणे यास मराठीत ‘पिछेहाट’ हा जिवंत शब्द आहे. ‘पिछेहाट-चाचणी’ प्रथम कानास खटकेल. पण अर्थ विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही.