कडलै मिठाईचा पाक

१९६८ साली जेथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले होते, त्या चेन्नईच्या अण्णा नगरात शेंगदाण्याची चिक्की ‘कडलै मिठाई’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील कोविलपट्टीच्या मिठाईस २०२० साली भौगोलिक मानांकन लाभले. लोणावळ्याच्या चिक्कीची ही सख्खी बहीण. अमेरिकेतील पिकन या अक्रोडवर्गीय फळाची टणक मिठाईही याच कुळातली.

ही मिठाई मायक्रोवेव्ह भट्टीतही करता येते. कढईत उष्णता तळाकडून पाकास मिळते. भट्टीत मात्र सूक्ष्म लहरी पाकात शिरून पाण्याचे कण चळवतात आणि उष्णता पाकातच उत्पन्न होते. पाणी आटत जाते, तसतसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. सुमारे १५० अंश सेल्सिअसला त्यात पाण्याचा अंश नाममात्र उरतो. अशा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की टणक होतो आणि कट्‌कन मोडतो. त्याच्या अलीकडे वडी चिवट राहते. फार पलीकडे गेल्यास कडवट होते.

काचेचे भांडे उष्णता सोसणारे व पाकाच्या चौपट मोठे असावे. पाक झपाट्याने फसफसून उतू जातो. म्हणून शेवटी दर अर्ध्या मिनिटाने तो पाहावा. भाजलेले दाणे बाहेर काढल्यावर मिसळावेत व तूप लावलेल्या ताटात लगेच थापावेत.

मुलांना मात्र दूर ठेवावे. उकळत्या पाण्याहून कितीतरी तप्त असा हा पाक कातडीस चिकटून खोलवर भाजतो. तसे घडल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये.