मायक्रोवेव्हमधील अंडे

मये तळ्याच्या आसमंतातील घरांत चूल एके काळी झावळ्या आणि करवंट्यांवर पेटत असे. तिची जागा गॅसने घेतल्याला आता बराच काळ लोटला. आणि अलीकडे गॅसच्या शेजारी मायक्रोवेव्हची पेटी दिसू लागली आहे. कोणाचा मुलगा बोटीवर असतो, कोणाची लेक आखातात. सुटीत येताना ती पैसे हाती ठेवितात आणि डिचोली-म्हापशाच्या बाजारातून पेटी घरी येते. भात गरम करणे व दूध तापविणे यांपलीकडे पुष्कळ गृहिणी तिचा उपयोग करीत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. परंतु शाळेतून परतलेले भुकेले मूल कधी घरात एकटे असते, आपण ज्याला घरी ‘तांतें’ म्हणतो ते अंडे हाताशी असते, आणि ही कळ दाबण्यास आगपेटी लागत नाही. म्हणून या पेटीत अंडे कसे शिजते व कसे फुटते, हे घरातील सर्वांनी जाणून घेतलेले बरे.

या पेटीचा जन्मच मुळी योगायोगाचा. अमेरिकेतील रेथियॉन कंपनीचे पर्सी स्पेन्सर रडारच्या नळ्यांवर काम करीत असता त्यांच्या खिशातील खाऊ वितळला, असे सांगतात. पुढे एका सहकाऱ्याने अंडे कसे शिजते हे वाकून पाहिले आणि ते त्याच्या तोंडावर फुटले, अशीही कथा आहे. कथा खरी असो वा रचलेली, स्पेन्सरांनी १९४५ साली पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९४७ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र पुरुषभर उंच व सुमारे ३४० किलो वजनाचे होते. म्हणजे या यंत्राचे व अंड्याचे वैर आरंभापासूनचे म्हणावयाचे!

वैराचे कारण साधे आहे. पेटीतील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करतात व पदार्थातील पाण्याचे कण त्यांच्याबरोबर हेलकावतात. त्यातून उष्णता उपजते. भांड्यात उकडताना उष्णता कवचाकडून आत सावकाश जाते. लहरी मात्र थेट काही सेंटिमीटर आत शिरतात, आणि अंडे ते केवढे! तेव्हा बलकही लगेच तापतो, वाफ होते, आणि कवच तिला वाट देत नाही. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा हवी असते. मग व्हावयाचे ते होते.

कवच काढले की धोका टळला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. २०१७ साली अमेरिकेतील ध्वनिशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक निबंध वाचला गेला. उकडून पुन्हा तापविलेले अंडे तोंडात फुटल्याची एका गिऱ्हाइकाची तक्रार न्यायालयात गेली होती. त्यानिमित्त संशोधकांनी सुमारे शंभर अंडी मायक्रोवेव्हमध्ये तापविली. जी पेटीत टिकली, त्यांपैकी सुमारे तीस टक्के बाहेर काढून टोचताच फुटली. बलकात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब उकळबिंदूच्या वर तापूनही उकळत नाहीत, आणि सुई लागताच एकदम वाफ होतात, असा त्यांचा तर्क. ईस्टरची रंगविलेली अंडी दुसऱ्या दिवशी गरम करावयाची हौस ज्या घरांत आहे, त्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. उकडलेले अंडे थंडच खावे, नाहीतर कोमट पाण्यात बुडवून ठेवावे. अंडे चांदीच्या कागदात गुंडाळून पाण्यासह या पेटीत उकडण्याची युक्तीही कोणी सांगतात. मला ती द्राविडी प्राणायामासारखी वाटते. गॅसवर दहा मिनिटांत तेच काम निर्वेध होते.

मग या पेटीत अंडे करूच नये काय? अवश्य करावे, पण फोडून. काचेच्या वा चिनी मातीच्या वाटीला (सोनेरी काठ नसलेल्या) थोडे लोणी लावून दोन अंडी घालावीत, दोन चमचे दूध घालून चांगली फेटावीत. तीस सेकंद ठेवून ढवळावे, पुन्हा वीस सेकंद, पुन्हा ढवळावे. किंचित ओलसर असतानाच थांबावे. बाहेर मिनिटभरात आपल्याच उष्णतेने ते पुरे होते. अखंड बलक हवा असेल तर दातकोरण्याने दोन-तीन ठिकाणी त्याची त्वचा टोचावी, वर बशी सैल ठेवावी, आणि निम्म्या शक्तीवर थोडे थोडे तापवावे. घाई केली की पांढरा भाग रबरासारखा होतो. मुले, गर्भवती व वृद्ध यांच्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. ७१ अंशांवर रोगजंतू मरतात.

इतके करूनही कोणी भाजलेच, तर त्या जागी वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे. हळद, तूप किंवा दंतमंजन लावू नये. डोळ्यात उडाले असल्यास स्वच्छ पाण्याने धुवत राहावे व लागलीच डिचोलीच्या आरोग्य केंद्रात न्यावे; शेजाऱ्यांचा सल्ला नंतर घेता येतो.

आणि पेटीचे काय? वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी व एक लाकडी चमचा घालून ती तीन मिनिटे चालवावी, पाच मिनिटे दार बंदच ठेवावे, आणि मग ओल्या फडक्याने पुसावी. वाळलेला बलकही सहज निघतो.